‘मुलं पळवणारा नाही’ असा दाखला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३१ ऑगस्टचा तुमचा अंक अजून माझ्या टेबलावर पडलाय. दोनदा रद्दीच्या गठ्ठ्यात टाकला आणि दोन्ही वेळा परत काढला. आधी वाटलं कशाला लिहायचं, हे छापणार नाहीत आणि छापलंच तर चार ओळी ठेवून बाकीच्यावर कात्री चालवतील, पण आता रिटायर झालेय, वेळ आहे, आणि विषय डोक्यातून जातच नाही तर म्हटलं लिहूनच टाकू एकदाचं.

त्या अंकाला बाहेरून अख्ख्या पानाचं जाहिरातीचं जॅकेट होतं, एका साहेबांच्या वाढदिवसाचं. शुभेच्छुकांचे फोटो मोजले, २७ भरले. आत पहिल्या पानावर कोण कोणावर नाराज, दुसऱ्या पानावर त्या नाराजीला कोणी काय टोला लगावला, आणि संपादकीय पानावर त्या टोल्याचा राजकीय अर्थ. सातव्या पानावर तळाला सहा ओळी होत्या, ‘पारधी टोळी जेरबंद’. बास. विमुक्त दिनाबद्दल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक शब्द नाही. म्हणजे ज्या दिवशी पारध्यांसारख्या जमातींच्या कपाळावरचा जन्मजात गुन्हेगार हा शिक्का कायद्यानं पुसला, नेमका त्याच दिवशी तुम्ही तो नव्यानं मारून दिलात. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान तारीख माहीत आहे असं तरी वाटलं असतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, जन्माला आलेलं पोरसुद्धा त्या जमातीचं आहे म्हणून गुन्हेगार. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, आणि काहींना तर तारेच्या कुंपणात ठेवलं, सोलापुरात त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. देश १९४७ मध्ये सुटला, हे लोक सुटले, म्हणजे विमुक्त झाले, ३१ ऑगस्ट १९५२ ला. ५ वर्षं आणि १६ दिवस उशिरा. आणि सुटले म्हणजे काय, तो कायदा गेला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, पोलीस ठाण्यातली नजर तीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला तुरुंगातल्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा असं सांगावं लागलं, आणि विमुक्त जमातीच्या लोकांना ऊठसूट उचलू नका असंही. २०२४ मध्ये! मला तरी तो निकाल तुमच्या पेपरात पहिल्या पानावर दिसला नाही, दुसरीकडे कुठे असेल तर चूक माझी.

‘पारधी टोळी’ वर परत येते. माझी एक सवय आहे, ३० वर्षं शाळेत शिकवलं त्यामुळे कात्रणं चिकटवायची वही असतेच. बँकेत घोटाळा झाला की बातमीत संचालक असतात, चेअरमन असतात, ‘बडे मासे’ असतात, त्यांची जात कधीच नसते. कुठल्या सोसायटीत लफडं, कुठल्या कारखान्यात लफडं, आरोपीच्या आडनावाच्या पुढे बातमी जात नाही. आणि एसटी स्टँडवर पाकीट मारलं की मात्र लगेच जमात छापून येते. मी एकदा तुमच्या तालुका वार्ताहराला फोन करून विचारलं होतं, बाबा रे असं का करता, तर म्हणाला मॅडम पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये तसंच असतं, आम्ही तसंच टाकतो. बरोबर आहे. म्हणजे बातमी पोलिसांनी लिहायची, तुम्ही फक्त पेपर पुरवायचा.

आता मूळ विषय. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची पाच माणसं एसटीतून उतरली, भिक्षा मागायला गेलेली, बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी आलीय असं बाजारात पसरलं, लोकांनी धरलं, मारलं, ओढत ग्रामपंचायतीच्या ऑफिसात नेलं आणि तिथे खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. ग्रामपंचायतीत, म्हणजे जिथे दाखला मिळतो तिथे. त्यांच्याकडे कागदपत्रं होती, ते ओरडून सांगत होते आम्ही कुठले आहोत ते, पण कागद वाचायला कोणी थांबलं नाही आणि मोबाइलवर शूटिंग करायला मात्र बरेच थांबले. त्याच दिवशी रात्री मालेगावातही जमावानं पाच जणांना धरलं होतं, त्यांच्यात एक लहान लेकरू होतं, तिथे पोलिसांनी स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांना वाचवलं. हे पण लिहायला पाहिजे, कारण पोलिसांनी चांगलं केलं तर ते सांगायचं नाही असं काही नाही.

मी डवरी गोसाव्यांची पोरं शिकवलीत. पावसाळ्यात गावी असायची, दिवाळी झाली की बिऱ्हाड बाहेर पडायचं आणि पोरं त्यांच्याबरोबर, की मग वर्गात एकदम पाच-सहा बाकं रिकामी आणि वरून पत्र, पट का घसरला. कागदोपत्री शाळाबाह्य मूल एकही नाही हे दाखवायची जबाबदारी आमची, आणि पोरगं कुठे आहे तर जळगावला नाहीतर नाशिकला एखाद्या गावाबाहेर पालात. पाढे पाठ असायचे त्यांचे, कारण हिशोब घरातच चालायचा. एक जण सगळ्या एसटी डेपोंची नावं क्रमानं म्हणून दाखवायचा, भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्याला जास्त महाराष्ट्र माहीत होता, आणि पेपरात मात्र नापास, कारण पेपराच्या दिवशी तो त्याच महाराष्ट्रात कुठेतरी होता.

तर हा पोरगा, आता त्यालाच दोन पोरं आहेत, जुलै २०१८ मध्ये माझ्या घरी आला. उभाच राहिला दारात. म्हणाला, बाई, एक अर्ज लिहून द्या. मला वाटलं घरकुलाचा असेल नाहीतर रेशनकार्डचा. तर म्हणाला, तसा नाही, असं लिहा की हा इसम अमुक गावचा राहणारा आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखते, तो भिक्षा मागून पोट भरतो, आणि तो मुलं पळवणारा नाही. मी म्हटलं अरे आधार कार्ड आहे ना तुझ्याकडे. तर म्हणाला, बाई, त्यांच्याकडं पण होतं.

मी लिहून दिलं. फुलस्केप कागदावर, समास सोडून, चांगल्या अक्षरात. आयुष्यभर बोनाफाईड लिहिली, शाळा सोडल्याचे दाखले लिहिले, चारित्र्याचे दाखले लिहिले, पण माणूस काय नाही याचा दाखला मी पहिल्यांदाच लिहिला. सहीखाली निवृत्त शिक्षिका असं लिहायला त्यानंच सांगितलं, जरा वजन पडतं म्हणाला.

आणि आता जे सांगायचंय ते सांगते, त्याच्याशिवाय हे पत्र म्हणजे शहाणपणा होईल नुसता. जून २०१८ मध्ये तो मेसेज माझ्याकडे पण आला होता. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर. सावध राहा, मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे, साधू, भिकारी, चादरी विकणाऱ्यांच्या वेषात फिरतात, आणि बरोबर एक व्हिडिओ, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि खेळणारं पोर उचलून नेतात. मी तो पुढे पाठवला, सुनेला, भावजयीला आणि अजून कोणाकोणाला. खाली हात जोडलेले. नंतर कळलं की तो व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा होता, मुलांकडे लक्ष द्या असं सांगणाऱ्या एका जाहिरातीचा, आणि त्यात शेवटी ते पोर परत आणून सोडतात, तेवढा भाग कोणीतरी कापलेला. मी शिक्षिका. उतारा पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका असं ३० वर्षं सांगणारी. राईनपाड्याच्या बाजारात ज्यांनी दगड उचलले त्यांच्या मोबाइलवर तो मेसेज माझ्याकडून गेला नसेल, पण माझ्यासारख्याच कोणाकडून तरी गेला असणार ना? व्हॉट्सॲपनं त्या जुलैमध्ये एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, म्हणजे आमच्या अकलेवर भरवसा नाही हे त्यांना कळलं. त्या आठवड्यांत काही पेपरांनी पण छापलं होतं, ‘मुलं पळवणारी टोळी सक्रिय?’, आणि शेवटी ते प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह म्हणजे तुम्हा लोकांचं लायसन्स झालंय, काहीही लिहा आणि पुढे ते आकडेवजा चिन्ह टाका.

बरं, पुढे काय झालं. दोन-चार दिवस बातम्या आल्या, नेते येऊन गेले, मदत जाहीर झाली, आणि आठवड्याभरात सगळं गपगार. ठीक आहे, म्हटलं बातम्यांचं असंच असतं.

पण मग १६ एप्रिल २०२० ची रात्र आली. पालघर जिल्ह्यात गडचिंचले. लॉकडाऊन होता, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर सुरतला अंत्यविधीला निघाले होते, चोर आल्याची अफवा पसरलेली होती, जमावानं पोलिसांच्या समोर तिघांना मारून टाकलं. ते व्हिडिओ मी आजही बघू शकत नाही, त्या म्हाताऱ्या साधूनं पोलिसाचा हात धरलेला होता. घटना तीच. अफवा, गाव, रात्र नाहीतर बाजार, झोळीवाली माणसं, काठ्या. पण या वेळी चॅनलवाले आठवडाभरानं गेले नाहीत, महिनोन् महिने रोज रात्री नऊ वाजता तेच, यात कोणता धर्म, कोणाचा कट, कोणाचं सरकार, आणि गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की बाबांनो यात एकही मुसलमान नाही. मग दुसरं कोणीतरी शोधलं, मग तिसरं. ज्या आदिवासी पाड्यात हे झालं तिथली माणसं टीव्हीवर रोज जंगली, रोज हिंसक.

मी हे कोणाचं मरण मोठं आणि कोणाचं छोटं असं मोजायला लिहीत नाहीये, कृपा करून तसं वाचू नका. मला एवढंच विचारायचंय की राईनपाड्यातले पाच जण पण झोळीवालेच होते ना? नाथपंथी. गोरखनाथाचं नाव घेऊन दारात उभे राहणारे. भगवा त्यांच्या पण खांद्यावर असतो. मग त्यांच्यासाठी कोणी स्टुडिओत ओरडलं का नाही? उत्तर तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण. त्यांना मारणारे आणि मरणारे यांच्यात कोणाला विकता येईल असं भांडण नव्हतं. २०१८ मध्ये ज्यांचं सरकार होतं त्यांना तो विषय नको होता, जे विरोधात होते त्यांना त्या पाच जणांच्या समाजाची मतं किती हे माहीत होतं. आणि गंमत बघा, गंमत कसली, पण गडचिंचल्यात मेलेली माणसं तीन होती. तो ड्रायव्हर तिशीतला पोरगा होता, गाडी चालवणं हे त्याचं काम, त्याचा कशाशी काही संबंध नाही, आणि महिनोन् महिने टीव्हीवर एकच शब्द, ‘दोन साधू’. तिसऱ्याचा हिशोबच नाही. तो मेला पण कामाला आला नाही.

इथेच माझं सगळं डोकं अडकतं. तुमच्या धंद्यात माणूस मेला का हा प्रश्नच नाही, तो कोणाच्या कामाचा आहे हा प्रश्न आहे.

सुप्रीम कोर्टानं १७ जुलै २०१८ ला, राईनपाड्यानंतर सोळाव्या दिवशी, झुंडबळीवर मार्गदर्शक सूचना दिल्या. जिल्ह्याजिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, खटला शक्यतो सहा महिन्यांत संपवा. आता आमच्या जिल्ह्याचा तो नोडल अधिकारी कोण हे तुमच्यापैकी कोणी कधी छापलंय का? त्याचा फोन नंबर? वाढदिवसाच्या जॅकेटच्या कोपऱ्यात दोन इंच जागा पुरली असती. नव्या न्याय संहितेत झुंडीनं केलेल्या खुनाला वेगळं कलम आलं, ती लागू झाली १ जुलै २०२४ ला, बरोबर राईनपाड्याच्या सहाव्या वर्षदिनी, अर्थात तो योगायोग. त्या कलमात पाच किंवा जास्त जणांनी वंश, जात, भाषा, जन्मस्थान असल्या कारणावरून खून केला तर असं आहे. अफवा हा शब्द मला त्यात सापडला नाही, वकिलांनी सांगावं.

राजकारणाचं काय सांगू. या भटक्या-विमुक्तांना अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागत नाही, कारण महाराष्ट्रात ते एससीत नाहीत आणि एसटीतही नाहीत, पारध्यांसारखे काही सोडले तर. जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी इथेच राहत होतो याचा पुरावा द्यायचा. आता मला सांगा, भटक्या जमातीच्या माणसानं १९६१ मध्ये कुठे राहत होतो याचा पुरावा कुठून आणायचा? भटका होता म्हणूनच तर भटका. मग शाळेचं जुनं रजिस्टर शोधा, आणि तिथे एखाद्या हेडमास्तरनं जातीच्या रकान्यात ‘भिक्षेकरी’ लिहून ठेवलेलं असतं, की झालं, नातवापर्यंत फाईल परत येत राहते. आमच्या जुन्या रजिस्टरला मी अशा नोंदी बघितल्यात, अक्षर सुंदर, शाई अजून ताजी. भिक्षा मागावी तर १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा, त्यात गाणं म्हणून, नाच करून, भविष्य सांगून पैसे मागणं पण आलं. गारुड्याचा साप, दरवेशाचं अस्वल वन्यजीव कायद्यात गेलं. प्राण्यांचं भलं झालं असेल, मी त्याच्या विरोधात नाही, पण सापाचं पुनर्वसन जंगलात झालं आणि गारुड्याचं कुठे? भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला, इदाते आयोगानं २०१८ च्या सुरुवातीला दिला. दोघांनीही खूप काही सांगितलं. अहवाल आहेत अजून, जपून ठेवलेत.

आणि मतं? ही माणसं एका मतदारसंघात गठ्ठ्यानं नाहीत. इथे दहा घरं, तिथे चार पालं, मतदानाच्या दिवशी निम्मे बाहेरगावी. नेत्याला गठ्ठा लागतो. लाडक्या बहिणीच्या वेळी आमच्या गावात रांगा लागल्या, सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते फॉर्म भरून द्यायला टेबलं टाकून बसले, पण जिच्याकडे ना रेशनकार्ड ना खातं, तिच्यासाठी कोण टेबल टाकणार. ती बहीण कोणाचीच लाडकी नाही.

तुम्ही म्हणाल की बाई, वाचकांना पण तेच हवं असतं. हे मी फार ऐकलंय. २०१९ ला पहाटेचा शपथविधी झाला तेव्हा आम्ही पण टीव्हीसमोरून उठलो नाही, खोटं कशाला बोलू. २०२२ ला सुरत, गुवाहाटी, काय झाडी काय डोंगार, घरोघर पोरं तेच म्हणत होती, माझी नातसुद्धा. मजा येते, मान्य. पण १५ डिसेंबर २०२४ आठवून बघा. नागपुरात ३९ मंत्र्यांचा शपथविधी, दिवसभर एकच, कोणाला खातं, कोणाचा पत्ता कट, कोण रुसून बसलं. त्याच दिवशी परभणीचा एक ३५ वर्षांचा माणूस न्यायालयीन कोठडीत मेला. वडार समाजाचा, कायद्याचं शिक्षण घेत होता. १० तारखेला तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची कोणीतरी नासधूस केली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं, मग वस्त्यांमध्ये धरपकड, त्यात हा. पोस्टमॉर्टमच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे शॉक असं आलं. विधानसभेत सांगितलं गेलं की त्यानं मॅजिस्ट्रेटसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती आणि त्याला श्वसनाचा आजार होता. त्याच्या आईनं कोर्टाचे दरवाजे झिजवले तेव्हा कुठे पुढच्या जुलैमध्ये हायकोर्टानं गुन्हा नोंदवा म्हणून सांगितलं. दगडाची खाण, पाटा-वरवंटा करणाऱ्या समाजातलं पोरगं वकील होणार होतं, याच्यावर तुम्ही रविवारची पुरवणी काढायला हरकत नव्हती. त्या दिवशी चॅनलवर खाली पळणाऱ्या पट्टीत ती बातमी होती, हे खरं आहे. वर मंत्र्यांचे फेटे.

मला नेहमी प्रश्न पडायचा की हे असं का होतं, सगळेच पत्रकार काही वाईट नसतात, माझे विद्यार्थीच दोघं-तिघं या धंद्यात आहेत आणि चांगली पोरं आहेत. मग कोणीतरी दाखवलं, २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया ही संस्था आणि न्यूजलाँड्री ही बातम्यांची वेबसाइट यांनी एक पाहणी केली होती. पेपर, चॅनल, वेबसाइट, मासिकं, सगळीकडच्या मिळून १२१ वरच्या जागा बघितल्या, त्यातल्या १०६ उच्चवर्णीयांकडे. एससी, एसटी एकही नाही. भटके-विमुक्त तर त्या तक्त्यात शोधायलाच नकोत. म्हणजे सकाळच्या मीटिंगमध्ये ३१ ऑगस्ट म्हणजे काय हे आठवणारा माणूस त्या खोलीतच नसतो. हे आजचं नाही. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी मूकनायक सुरू केलं तेव्हा केसरीनं पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नव्हती. आणि २००९ च्या विधानसभेला आपल्याच राज्यात काय झालं, एकाच उमेदवाराच्या कौतुकाचा एकच लेख वेगवेगळ्या पेपरांत शब्दाला शब्द, प्रेस कौन्सिलच्या दोघा जणांनी पेड न्यूजवर ७१ पानी अहवाल लिहिला तर कौन्सिलनं तो पूर्ण छापायचं टाळलं, माहिती अधिकारात २०११ ला बाहेर आला. म्हणजे पैसे देऊनही छापायचं नाही ते एक आणि पैसे घेऊनच छापायचं ते दुसरं.

तुमचा पेपर मी बंद करणार नाही. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून येतोय, आणि शब्दकोडं मला लागतं. पण एक विनंती आहे, हे पत्र कापायचं असेल तर माझं रडगाणं कापा, तो फॉरवर्डचा परिच्छेद आणि त्या ड्रायव्हरची ओळ तेवढी ठेवा. आणि ‘पारधी टोळी’ हे पुढच्या वेळी नुसतं ‘टोळी’ केलंत तर तुमची शाईसुद्धा वाचेल.

तो माझा विद्यार्थी परवा परत आला होता. यंदा विदर्भाकडे जायचं म्हणतोय. मी २०१८ ला दिलेला कागद त्यानं लॅमिनेट करून घेतलाय, घड्यांवर फाटत होता म्हणून. मधे एका पोलीस ठाण्यात दाखवला तर तिथले साहेब म्हणाले की हा जुना आहे, चालू तारखेचा आण. म्हणून आला होता, बाई, तारीख बदलून द्या, आणि आता थोरला पोरगा पण संगं येतोय तर त्याचं पण नाव टाका. पोरगा १४ वर्षांचा. त्याचं जन्मवर्ष विचारून घेतलंय, आज दुपारी लिहायला बसते.

आपली,
एक जुनी वाचक
निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सोलापूर